कापडाचा पट्टा आणि वस्तऱ्याची धार

विळी बोथट झाली की भाजी चिरत नाही, चेंगरते. कोयता बोथट झाला की ऊस तुटत नाही, नुसता सालतो. वस्तऱ्याचेही तसेच आहे. फरक एवढाच की विळी भाजीवर चालते, कोयता उसावर चालतो आणि वस्तरा चालतो आपल्या गालावर. म्हणून वस्तऱ्याच्या धारेची काळजी सगळ्यात जास्त घ्यावी लागते.

या पाठात आपण वस्तऱ्यासाठी कापडाचा पट्टा घरच्या घरी कसा करायचा ते शिकू. तो कसा वापरायचा तेही पाहू. आणि शेवटी एक गोष्ट पाहू, ती पट्ट्यापेक्षाही मोठी आहे. ती आहे आपल्या रक्ताची आणि आरोग्याची गोष्ट. ती वाचल्याशिवाय पाठ मिटू नका.

१. धार म्हणजे काय?

वस्तरा हातात घ्या. त्याचे तीन भाग नीट पाहा. जो भाग जाड, तो पाठ. जो भाग पातळ, ती धार. आणि ज्यात पाते मिटते, ती मूठ.

धार डोळ्यांना सरळ रेघेसारखी दिसते. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती सरळ नसते. तिला बारीक बारीक दाते असतात. दाढी करताना हे दाते वाकतात. काही इकडे झुकतात, काही तिकडे. शिवाय पाणी आणि साबण लागून धारेवर गंजाचा अगदी पातळ थर चढतो. तो आपल्याला दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी दाढी करताना जाणवतो. वस्तरा ओढतो, गाल चुरचुरतो.

केस इतका मऊ, पोलाद इतके कठीण. मग केसाने धार कशी जाते? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत त्याचा अभ्यास झाला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो. तरी केस कापताना वाकतो, धारेच्या कमजोर जागी जोर पडतो आणि तिथून बारीकसा टवका उडतो. हा अभ्यास त्यांनी बदलत्या पात्यांवर केला होता. पण पोलाद ते पोलादच. एका केसाने काही होत नाही. हजारो केसांनी होते.

म्हणून जाणते कारागीर दोन वेगळी कामे करतात. धार गेली की वस्तरा दगडावर लावतात. धार असतानाच ती टिकावी म्हणून पट्ट्यावर फिरवतात. दगड पोलाद घासून नवी धार काढतो. पट्टा पोलाद जवळजवळ घासत नाही. तो वाकलेले दाते सरळ करतो आणि धार पुसून स्वच्छ करतो. दगडाचे काम काही महिन्यांनी एकदा. पट्ट्याचे काम रोजचे. रोज पट्टा केला तर दगड क्वचित लागतो आणि वस्तरा वर्षानुवर्षे टिकतो.

हे नीट ध्यानात घ्या : मेलेली धार पट्ट्याने जिवंत होत नाही. पट्टा आहे ती धार राखतो.

२. चामडे आणि कापड

पट्टा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चामड्याचा पट्टा येतो. काही कारागीर तर वस्तरा तळहातावरच फिरवत. पण ज्यांनी वस्तऱ्याचे पट्टे बनवून विकले, त्यांनी बहुतेक वेळा दोन पट्टे जोडीने दिले. एक कापडाचा, एक चामड्याचा. आधी कापडावर फिरवायचे, मग चामड्यावर. कापड खरखरीत असते, ते धार पुसते. चामडे गुळगुळीत असते, ते धार बसवते. न्हाणीत अंग आधी घासतो आणि मग पुसतो, तसेच हे.

कापड कुठले? युरोप-अमेरिकेत यासाठी लिननचे कापड वापरत. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचे कापड. जवस आपल्याला नवे नाही. विदर्भात जवस पिकतो. त्याचे तेल काढतात. जवसाची चटणी भाकरीबरोबर आपण आवडीने खातो. पण आपल्याकडचा जवस बियांसाठी लावतात. त्याचे झाड बुटके आणि फांद्या फार. धाग्यासाठी लावतात ते जवस उंच, सरळ आणि कमी फांद्यांचे. ते फ्रान्स, बेल्जियम अशा थंड मुलखात होते. त्याचे काड भिजवतात, कुजवतात, कुटतात आणि आतला धागा वेगळा करतात. हा धागा फार चिवट असतो. ओला झाला की उलट अधिक बळकट होतो.

म्हणूनच त्या देशांत आग विझवण्याच्या नळ्याही पूर्वी या धाग्याच्या विणत. अशी नळी जुनी झाली की तिचे तुकडे कापून वस्तऱ्याचे पट्टे करत. टाकाऊतून टिकाऊ करण्याची हौस सगळ्या मुलखांत सारखीच!

आपल्याला लिनन मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी अडत नाही. जाड सुती कॅनव्हास चालतो. हातमागाची जाड, घट्ट विणीची खादी चालते. खाटेची सुती निवारही चालते. पण इथे एक सावधगिरी हवी. आता बाजारात बरीचशी निवार प्लास्टिकच्या धाग्याची असते. ती कामाची नाही. ओळखायची कशी? कापडाचा एक धागा काढा. चिमट्यात धरून तो जाळा. सुती किंवा लिननचा धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. प्लास्टिकचा धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. गोळी झाली तर ते कापड परत ठेवा.

३. सामान

पट्ट्याला फार सामान लागत नाही. यादी वाचा आणि एकेक वस्तू गोळा करा.

जाड लिनन, कॅनव्हास किंवा खादी : १ मीटर.
लाकडाच्या गोल दांड्या : २. प्रत्येकी ५ इंच लांब आणि अर्धा इंच जाड, म्हणजे साधारण बोटाएवढी.
जाड दोरा आणि त्याला लावायला मेण.
जाड सुई. कापड फारच जाड असेल तर दाभण.
मजबूत सुतळी : दोन हात.
अंगाला लावायचा साधा पांढरा साबण.
धुण्याचा सोडा : १ चमचा.
काचेची गुळगुळीत बाटली किंवा लाटणे.
मोजपट्टी, पेन्सिल आणि कात्री.

साबणाबद्दल दोन शब्द. कपडे धुण्याची किंवा भांडी घासण्याची वडी घेऊ नका. तिच्यात घासण्यासाठी बारीक पूड घातलेली असते. ती धारेला खाते. खडूही नको. खडूत एखादा वाळूचा कण असला तर तेवढ्यानेही धारेला खाच पडते.

४. पट्टा करायची रीत

पहिले काम : कापड धुणे. नव्या कापडाला खळ असते. शिवाय नवे कापड धुतल्यावर आटते. म्हणून आधी धुवायचे आणि मग कापायचे. उलट केले तर माप चुकते. पातेल्यात पाणी उकळा. त्यात एक चमचा सोडा घाला. कापड अर्धा तास उकळू द्या. मग स्वच्छ पाण्यात तीन-चार वेळा खळबळून काढा. हाताला बुळबुळीत लागेनासे झाले की पुरे. ताणून वाळत घाला. धुळीत नको, वाळूत तर मुळीच नको. वाळल्यावर इस्त्री करा.

दुसरे काम : कापणे. कापडाला दोन तऱ्हेचे धागे असतात, उभे आणि आडवे. काठाला समांतर जातात ते उभे. पट्ट्याची लांबी उभ्या धाग्यावर घ्या. उभा धागा कमी ताणतो, म्हणून पट्टा सैल पडत नाही. काठ सोडून द्या. तो घट्ट असतो आणि तिथे कापड सुरकुतते. पेन्सिलीने लांबी २८ इंच आणि रुंदी साडेनऊ इंच आखा. रेघेवरून कापा.

तिसरे काम : घडी घालणे. कापड समोर उभे ठेवा, म्हणजे लांबी तुमच्यापासून पुढे जाईल. डाव्या हाताची कड अर्धा इंच आत दुमडा आणि इस्त्री फिरवा. आता रुंदी ९ इंच राहिली. तिचे तीन सारखे भाग करा. प्रत्येक भाग ३ इंचांचा. आधी उजवा भाग मधल्या भागावर दुमडा. मग डावा भाग त्याच्यावर दुमडा. तीन पदरी, ३ इंच रुंद पट्टी तयार झाली. पट्टी उलटी करा. ही बाजू सपाट आहे, तिच्यावर शिवण नाही, कड नाही. हीच कामाची बाजू. हिला समोरची बाजू म्हणू.

तीन इंचच का? वस्तऱ्याचे पाते साधारण तेवढेच लांब असते. पट्टा तेवढा रुंद असला की सगळी धार एका वेळी कापडावर टेकते.

चौथे काम : शिवणे. दोऱ्याला मेण लावा. मागच्या बाजूला दुमडलेली कड आहे, ती तुरपाईच्या टाक्यांनी शिवून घ्या. टाका समोरच्या बाजूला येऊ देऊ नका. समोर दोरा आला तर वस्तरा तो कापील आणि धारही बिघडेल.

पाचवे काम : दांड्या बसवणे. पट्टीचे एक टोक दांडीवरून मागच्या बाजूला वळवा. सुमारे ३ इंच कापड त्यात जाईल. दोन ओळी टाके घालून घट्ट शिवा. दुसऱ्या टोकालाही तसेच करा. आता मधे २२ इंचांच्या आसपास मोकळा पट्टा उरला. वरच्या दांडीच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधा. तसबिरीला दोरी बांधतो ना, तशी. ही सुतळी खुंटीला अडकवायची. खालची दांडी हातात धरायची. दांडीमुळे पट्टा रुंदीभर सारखा ताणला जातो. नुसत्या कडीत ओवला तर मधे गोळा होतो.

सहावे काम : साबण भरणे. पट्टा सपाट फळीवर ठेवा. समोरची बाजू ओल्या फडक्याने जराशी ओलसर करा. तिच्यावर साबण चोळा. मग बाटली किंवा लाटणे जोराने फिरवा, म्हणजे साबण धाग्यांच्या आत बसेल. सावलीत वाळू द्या. असे तीन वेळा करा. साबणाने कापडाचे तंतू बसतात, कापड गुळगुळीत होते आणि पाते त्यावरून सुरेख सरकते.

सातवे काम : ताणणे. पट्टा खुंटीला अडकवा. खालच्या दांडीला दोन-तीन किलोचे वजन बांधा. रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी समोरच्या बाजूवरून कोरडा तळहात फिरवा. कुठे खडा, कण, गाठ लागते का पाहा. लागली तर काढून टाका. काही लागले नाही तर पट्टा तयार झाला.

आता पेन्सिल किंवा शाई घ्या आणि पट्ट्याच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत तुमचे नाव. दुसऱ्या ओळीत पट्टा केला ती तारीख. अक्षर ठळक काढा. नाव का लिहायचे ते पुढे कळेल.

५. पट्टा वापरायची रीत

हात बसेपर्यंत वस्तरा घेऊ नका. वस्तऱ्याएवढी एक लाकडी पट्टी घ्या आणि तिच्यावर हात बसवा. दोन-चार दिवस लागले तरी चालेल. नवा माणूस घाई करतो आणि पट्टाही कापतो, बोटही कापतो.

खुंटी भिंतीत पक्की हवी. ती कमरेच्या जरा वर असावी. डाव्या हाताने खालची दांडी धरून पट्टा ताठ ओढा. पट्ट्याला झोळ पडू देऊ नका. झोळ पडला की कापड धारेभोवती वळते आणि धार गोल होते. मग कितीही फिरवा, वस्तरा चालत नाही.

उजव्या हाताने वस्तरा मुठीच्या सांध्याजवळ धरा. पाते पट्ट्याच्या जवळच्या टोकाला आडवे ठेवा. पाठ आणि धार दोन्ही कापडाला टेकल्या पाहिजेत. आता पाठ पुढे ठेवून वस्तरा दूर ढकला. धार मागून येते. खुंटीजवळ पोचलात की थांबा. आता वस्तरा पाठीवर उलटा करा. म्हणजे पाठ कापडाला टेकलेलीच राहील आणि धार वर उचलून पलीकडे जाईल. मनगट वळवू नका, बोटांत वस्तरा फिरवा. मग पाठ पुढे ठेवूनच आपल्याकडे ओढा. जाणे आणि येणे मिळून एक फेरी झाली.

सगळ्या पाठाचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते असे : पाठ पुढे, धार मागे. धार पुढे गेली की कापड फाटते.

जोर लावू नका. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरे आहे. झटपट फिरवायचीही गरज नाही. सराईत माणसाचा हात सपासप चालतो तो वर्षांच्या सवयीने. आपण सावकाश आणि सारखा चालवू.

कापडावर वीस फेऱ्या करा. त्यानंतर चामड्याचा पट्टा असेल तर त्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या करा. चामड्याचा पट्टा नसेल तर कमरेचा जुना पट्टा चालतो. मात्र तो खऱ्या चामड्याचा हवा, रेक्झिनचा नको. तोही नसेल तर सपाट फळीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि तिच्यावर फिरवा. छपाईच्या शाईत अगदी बारीक काजळी असते, ती धार उजळते. पण आधी वर्तमानपत्र वाचून घ्या बरे का! मग त्यावर वस्तरा फिरवा.

दाढी झाल्यावर वस्तरा धुवा आणि पुसा. कापडावर पाच-सहा फेऱ्या करा, म्हणजे धारेचा ओलावा निघून जाईल. पात्याला खोबरेल तेलाचे एक बोट लावा आणि कोरड्या जागी ठेवा. तेल पात्याला लावायचे, पट्ट्याला नाही. तेलकट पट्ट्यावर धूळ बसते.

महिन्या-दोन महिन्यांनी पट्टा काळसर दिसेल. ते धारेवरून निघालेले पोलाद आणि गंज आहे. पट्टा साबणाने धुवा, ताणून वाळवा आणि पुन्हा साबण भरा. चिरला असेल तर नवा करा.

वस्तरा आणि पट्टा दोन्ही मुलांच्या हाताला लागतील असे ठेवू नका.

६. वस्तऱ्याचा मान

वस्तरा चालवणे हे हलके काम आहे असे कोणी म्हणत असेल तर तो चुकतो. दुसऱ्याच्या गळ्यावर धारदार पोलाद फिरवायचे आणि केस तेवढा काढायचा, याला हात लागतो, डोळा लागतो आणि विश्वास लागतो. संत सेना महाराज याच व्यवसायातले. वारकरी आजही त्यांचे अभंग गातात.

या व्यवसायातल्या माणसांनी वस्तरा कुठे चालवायचा हे जसे जाणले, तसे कुठे चालवायचा नाही हेही जाणले. पूर्वी काही जातींत नवरा वारला की बाईचे केस काढून टाकत. तिची इच्छा कोणी विचारत नसे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा भरली. लोखंडे हे गिरणी कामगारांचे पुढारी आणि महात्मा फुले यांचे सहकारी. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असे त्या सभेत ठरले. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर होते, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. हत्यार आपल्या हातात आहे तर त्याची जबाबदारीही आपली आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आज ती जबाबदारी दुसऱ्या रूपाने आपल्यापुढे आहे.

७. एक वस्तरा, एक माणूस

दाढी करताना कातडीला बारीक ओरखडे पडतात. पुष्कळदा रक्त दिसतही नाही. पण ते धारेला लागलेले असते. तोच वस्तरा दुसऱ्याच्या गालावर गेला तर पहिल्याचे रक्त दुसऱ्याच्या ओरखड्यात जाते. त्या रक्तात रोग असला तर रोगही जातो.

कुठले रोग? काविळीचे दोन प्रकार आहेत, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. ते रक्तातून पसरतात. ते यकृताला धरतात आणि पुष्कळ वर्षे माणसाला कळतही नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, अंगाबाहेर, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. एचआयव्हीही रक्तातून पसरतो. हिपॅटायटिस बीवर लस आहे. सीवर आता औषध आहे, पण लस नाही.

आता पट्ट्याचा विचार करा. पट्टा धार पुसतो. म्हणजे धारेवरचे रक्तही पुसतो आणि आपल्या अंगात ठेवून घेतो. पट्टा वस्तरा स्वच्छ दिसेल असा करतो, पण विषाणू मारत नाही. उलट, एकाच पट्ट्यावर दोघांचे वस्तरे फिरले तर एकाचे रक्त दुसऱ्याच्या धारेला लागू शकते. वस्तरा नुसता पाण्यात बुडवला, फडक्याने पुसला किंवा तेल लावले, तरी विषाणू जात नाही.

म्हणून नियम साधा आहे. एक वस्तरा एका माणसाचा. एक पट्टा एका माणसाचा. बाप-लेक असले तरी वेगळे. भाऊ-भाऊ असले तरी वेगळे. प्रेम ताटात दाखवावे, वस्तऱ्यात नाही. पट्ट्यावर नाव लिहायला सांगितले ते यासाठी.

मग दुकानात काय करायचे? १९०३ साली अमेरिकेत बदलत्या पात्याचा वस्तरा विकायला आला आणि घरोघरची दाढी बदलली. पुढे दुकानांसाठीही अर्धे पाते घालायचा वस्तरा आला. दिसायला जुन्या वस्त्यासारखाच, पण पाते बदलता येते. त्याला दगड नको, पट्टा नको. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते घालायचे आणि जुने टाकून द्यायचे. दुकानासाठी हेच योग्य. आपण या पाठात शिकलो तो पट्टा घरच्या, एका माणसाच्या वस्तऱ्यासाठी आहे. दुकानात तो वापरू नये.

गिऱ्हाइकाने विचारायला लाजू नये. असे म्हणावे :

“दादा, पाते माझ्यासमोर नवीन घाला बरं.”

चांगला कारागीर रागावत नाही. तो म्हणतो :

“घालतो की काका. हे बघा, पाकीट तुमच्यासमोरच फोडतो.”

यात कोणाचा अपमान नाही. पाते बदलल्याने दोघेही वाचतात. कारागिराच्या बोटालाही धार लागतेच ना?

तुरटीचेही तसेच. कापल्यावर तुरटीचा खडा फिरवतात. तोच खडा सगळ्यांच्या गालावर फिरला तर रक्तही सगळ्यांपर्यंत फिरते. तुरटीची पूड करून स्वच्छ कापसाने लावावी. नाहीतर प्रत्येकाचा खडा वेगळा ठेवावा.

आणि वापरलेले पाते उकिरड्यावर टाकू नका. कचरा वेचणारी बाई हाताने कचरा उपसते. तिचा हात आपल्या हातासारखाच आहे. पाते जाड डब्यात साठवा. डबा भरला की झाकण घट्ट लावा, वर “पाती” असे लिहा आणि मग द्या.

लक्षात ठेवा

आधी धुवा, मग कापा.
टाका मागच्या बाजूला, समोर नाही.
पाठ पुढे, धार मागे.
पट्टा ताठ, हात हलका.
आधी कापड, मग चामडे.
एक वस्तरा, एक पट्टा, एक माणूस.

शब्दांचे अर्थ

झोळ : सैल पडल्यामुळे मधे आलेला बाक.
तुरपाई : दुमडलेली कड बसवण्याचा हाताचा बारीक टाका.
खळ : कापड ताठ दिसावे म्हणून लावलेली पेज.
टवका : मोठ्या वस्तूचा उडालेला लहान तुकडा.
विषाणू : साध्या डोळ्यांना न दिसणारा, रोग करणारा अतिशय सूक्ष्म कण.

प्रश्न

१. दगडाचे काम आणि पट्ट्याचे काम यांत फरक काय?
२. कापड आधी का धुवायचे?
३. धागा सुती आहे की प्लास्टिकचा, हे कसे ओळखाल?
४. एक मीटर म्हणजे सुमारे ३९ इंच. त्यातून २८ इंच कापले तर किती इंच उरतील?
५. एका फेरीत वस्तरा एकदा जातो आणि एकदा येतो. वीस फेऱ्यांत तो कापडावरून किती वेळा सरकेल?
६. पट्ट्याने पुसलेला वस्तरा दुसऱ्याला का देऊ नये? तुमच्या शब्दांत तीन वाक्ये लिहा.

करून पहा

एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : “प्रत्येकाला नवे पाते.” तुमच्या ओळखीच्या केशकर्तनालयात जा. मालकाला विचारा आणि त्यांनी हो म्हटले तर तो कागद आरशाशेजारी लावा. तिथे बसलेल्यांपैकी कोणाला वाचता येत नसेल तर त्याला तुम्ही वाचून दाखवा.